पाच गेरूच्या खुणा

"पडन," नत्थुजी मिस्त्री म्हणाला आणि बोटांना लागलेला गेरू त्याने धोतराला पुसला.

त्यापुढेही तो बरंच बोलला. पश्चिमेच्या भिंतीला उभी भेग, हात जाईल एवढी. मागची भिंत चार बोटं कललेली. न्हाणीजवळ लोना, म्हणजे खार, लागून भिंत पोखरलेली. दाराची चौकट जरा तिरपी. आणि माळ्याखालची तुळई भिंतीवर टेकते तिथे केसाएवढी चीर, पण ती किरकोळ. प्रत्येक ठिकाणी त्याने गेरूची फुली मारली होती. पहिल्या तीन ठसठशीत, शेवटच्या दोन लहानशा. जमुनाच्या कानात मात्र तो पहिला शब्दच अडकून राहिला. पडन. जे घर आपलं म्हणायचं धाडस तिने अजून मनातल्या मनातही केलं नव्हतं, ते पडणार होतं. तिने पदर सावरला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"कवा पडन?" सहदेवने, तिच्या नवऱ्याने, विचारलं. जणू तिथी कळली तर बरं होईल.

"एक पावसाया झेलन. दुसरा नाई." नत्थुजीने ओळंब्याची दोरी बोटाभोवती गुंडाळली. "मी अकोल्याले आगगाडीच्या पुलावर दोन सालापासून काम करून राहिलो, सहदेवभाऊ. दगड कसा बसते, सायबानं हात धरून शिकवलं मले. हे मातीचं काम म्हंजे नुसतं ढेकूय. मानूस खोटं बोलन, ओयंबा नाई बोलत."

"नाई बोलत," सहदेव म्हणाला. त्याचा स्वभावच तसा होता. कुणाच्याही हातात मोजायचं काही दिसलं की त्याची मान आपोआप खाली जायची. मग तो तलाठी असो, वैद्य असो की तराजूवाला वाणी. तो जमुनाकडे वळून हळूच म्हणाला, "जाऊ दे वं. आपल्या नशिबात नाई." आणि मिस्त्रीला अकोल्याच्या गाडीपर्यंत पोचवायला त्याच्यामागे निघून गेला. इतक्या लवकर, इतक्या सहज. त्याचा तिला राग आला, आणि राग आला म्हणून थोडं बरं वाटलं.

घर विकायला काढलेले मालक भगवंतराव दिवस मावळताना येणार होते. तोवर हो की नाही ते सांगायचं होतं. नाही म्हटलं तर एका रुईवाल्या शेटजीचा गुमास्ता तयारच बसलेला. त्याला घर नकोच होतं, घराखालची जागा हवी होती. तो भिंती पाडून तिथे कापूस भरायची वखार घालणार होता. अमरावतीत त्या साली दुसरं घर मिळण्याचा प्रश्नच नव्हता. गोठेसुद्धा कापूसवाल्यांनी भाड्याने घेतले होते, आणि बाजारामागच्या या गल्लीत तर उभं राहायला जागा नव्हती. म्हणजे आज नाही म्हणायचं ते कायमचं नाही.

नाही म्हणायचं म्हणजे परत पडवीत जायचं. सतरा वर्षं ती थोरल्या दिरांच्या घरी मागच्या पडवीत राहत होती. पडवीला दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता, आणि जाऊबाई, पार्वताबाई, तो केव्हाही बाजूला सारून आत डोकावायच्या. बाई वाईट नव्हती. जमुनाच्या तापात त्यांनीच रात्रंदिवस उशाशी बसून काढा पाजला होता. पण पडवी आपली आहे हे त्या झोपेतसुद्धा विसरायच्या नाहीत. "जमुने, आज तेल लयच पडलं वं भाजीत," "जमुने, लुगडं नवं दिसते," असं प्रेमाने म्हणायच्या, आणि त्या प्रेमाने जमुनाच्या अंगावर काटा यायचा. नवराबायकोने भांडायचं झालं तर मळ्यात जावं लागे. वांग्याच्या वाफ्याशी दोघं भांडत, तिथेच समजूत घालून घेत आणि शहाण्यासारखी घरी येत. हसूसुद्धा तिने दातांत धरायला शिकून घेतलं होतं. सतरा वर्षांत आपण एकदाही मोकळ्या गळ्याने रडलो नाही, हे तिला आत्ता, या परक्या घरात उभं राहिल्यावर जाणवलं.

आणि हे घर काही कुणी ओंजळीत आणून दिलं नव्हतं. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती म्हणे, म्हणून विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा होता, आणि म्हणून साऱ्या मुलखाला पांढरं वेड लागलं होतं. लोकांनी ज्वारी मोडली, कांदा मोडला, बांधावरची तूर उपटून तिथेही सरकी टोचली. सहदेवही म्हणाला होता, आपणही मळा मोडू. तेव्हा जमुना पहिल्यांदा अडून बसली. "गाडीवाले, मापारी, दलाल, एवढी मानसं या गावात येऊन राहिली, ते काय कापूस खातेत?" तिने विचारलं होतं. शेजारपाजारच्या बाया तिला हसल्या. मग दोन सालं अशी गेली की भाकरीसोबत खायला वांगं मिळेना, कांद्यावर माणसं भांडू लागली, आणि जमुनाची पाटी बाजारात टेकायच्या आधीच रिकामी व्हायला लागली. त्या पैशांतूनच घर विकत घ्यायची ऐपत आली होती. हसणाऱ्या बाया उधारीवर मेथी मागू लागल्या. तिने दिली, पण एखादी जुडी बारीक बघून दिली. तिला ते आठवलं आणि त्याही स्थितीत थोडं हसू आलं.

आता ती घरात एकटी होती. चैत्राची पुनव नुकतीच झाली होती, बाहेर ऊन फुटत होतं, पण आत गारवा होता. रिकाम्या घराला एक वास असतो, जुन्या धुराचा, शेणाचा, कुणीतरी कधीकाळी कांडलेल्या तिखटाचा. आठ दिवसांपूर्वी ती पहिल्यांदा आत आली तेव्हा याच वासाने तिच्या मनात ठाण मांडलं होतं. तेव्हाच तिने चुलीची जागा ठरवून टाकली होती, आणि आपण ठरवली हे सहदेवलाही सांगितलं नव्हतं. आता त्या भिंतींवर फुल्या होत्या. मेळघाटात तोडायच्या झाडांवर अशा खुणा करतात, असं धारणीकडून लाकूड आणणारे सांगत. जिकडे वळावं तिकडून एक फुली तिच्याकडे बघायची. ती पश्चिमेच्या भिंतीशी, सगळ्यात मोठ्या भेगेजवळ, जमिनीवर बसली. डोकं भिंतीला टेकवलं. पडायचं तर आत्ताच पड, म्हणजे मोकळी झाले, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

हात कधी भेगेत गेला ते तिला कळलं नाही. आत थंड होतं. बोटांना तो थंडपणा ओळखीचा वाटला आणि क्षणात ती माहेरी, नांदगाव पेठेच्या शिवारात होती, सहा वर्षांची, बापाच्या मागे मागे काळ्या रानातून चाललेली. वैशाखात काळी जमीन अशी फाटते की त्यात लहान मूल पाय अडकून पडावं. ती पालथी झोपून अशाच एका भेगेत खांद्यापर्यंत हात घालून बसली होती, वरून पाठ भाजत होती आणि हात मात्र विहिरीत असल्यासारखा गार होता. मग एकाएकी भीती वाटली. जमीन तुटली, आता शेत दोन ठिकाणी होणार, बाप एकीकडे आणि आपण दुसरीकडे. ती किंचाळली होती. बापाने तिला उचललं आणि हसत म्हणाला, "अवं येडे, कायी माती हाये ते. उनात तोंड उघडते, पान्यात मिटते. माह्या आज्यापासून उघडून राहिली अन् मिटून राहिली. भेव कायचं?" त्याच्या अंगाला घामाचा आणि कोथिंबिरीचा वास येत होता. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. जमुनाचे डोळे भरून आले, आणि नेमकं तेव्हाच तिच्या बोटाला आत काहीतरी टणक, गोल लागलं.

तिने नखाने ओढून काढलं. कुंभारीण माशीचं घर. मातीचं, बोराएवढं, रिकामं. त्याच्या मागे दुसरं होतं. दुसऱ्याच्या मागे तिसरं, इतकं जुनं की चिमटीत धरताच त्याचं पीठ झालं. जमुना ते पीठ बघत राहिली. कुंभारीण दर साल नवं घर बांधते. मग ही भेग किती सालांची?

ती गुडघ्यांवर उठली. भेगेच्या कडा बोटाने चाचपल्या, तर त्या गोल, गुळगुळीत, वापरून झिजलेल्या उंबऱ्यासारख्या. आतल्या बाजूला पांढऱ्या मातीचा पोचारा लागला होता, त्यावर धुराची काजळी, त्यावर पुन्हा पोचारा, पुन्हा काजळी. कितीतरी बायांनी कितीतरी दिवाळ्यांना ही भेग सारवून बुजवली होती आणि कितीतरी उन्हाळ्यांनी ती पुन्हा उघडली होती. घर पांढऱ्या मातीचं असलं तरी ते उभं होतं काळीवरच. खालची जमीन उन्हात तोंड उघडत होती, तिच्याबरोबर भिंतही उघडत होती. नत्थुजीने चैत्रात पाहिली म्हणून हात जाईल एवढी. श्रावणात पाहिली असती तर बोट गेलं नसतं. ही भेग भगवंतरावांच्या मिशीहून जुनी होती. अजून आनंद करायचा नाही, असं तिने स्वतःला बजावलं, कारण आपल्याला हवं तेच आपण बघतोय की काय, अशी शंका तिला आली. हवं असलेलं वांगं कुणालाही किडकं दिसत नाही, हे गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघून बघून तिला पाठ झालं होतं.

मग ती मागच्या भिंतीकडे गेली. ओळंबा नव्हता. तिने कमरेच्या चंचीचा दोरा सोडला, त्याला घराची किल्ली बांधली आणि भिंतीला लावून सोडली. बाहेरून खरंच चार बोटं फरक होता. ओळंबा खोटं बोलत नव्हता. आतून लावली, तर भिंत सरळ. तिने बाजूच्या भिंतीला बाहेरून किल्ली लावली. चार बोटं. समोरच्या भिंतीला लावली, चार बोटं. पश्चिमेच्या, चार बोटं. चारही भिंती बाहेरून आत, अगदी सारख्या! आणि तिला आई दिसली, पायाने पांढरी माती तुडवणारी, लुगड्याचा काष्टा वर खोचलेला. मातीची भिंत एकदम उभी होत नाही. एक थर घालायचा, वाळू द्यायचा, मग त्याच्यावर दुसरा, आणि प्रत्येक थर खालच्यापेक्षा बोटभर बारीक. खाली हत्तीचा पाय, वर माणसाचा हात. पुलाचा दगड सरळ वर चढत असेल, माती तशी चढत नाही. जमुना मोठ्याने हसली. आपलाच आवाज रिकाम्या घरात घुमून परत आला तेव्हा ती दचकली आणि सवयीने मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. मग ती पुन्हा हसली, या वेळी मुद्दाम.

न्हाणीजवळच्या लोन्याला तिने फार वेळ दिला नाही. तिथे जमिनीत म्हशीचा खुंटा अजून उभा होता. म्हैस जिथे वर्षानुवर्षं मुतते तिथली माती खारते, हे सांगायला अकोल्याहून मिस्त्री कशाला लागतो?

दार मात्र तिला आवडलं नाही. ते खालून घासत होतं. जमिनीवर अर्धा गोल ओरखडा पडला होता आणि दाराच्या तळाचं लाकूड छिलून आतला पिवळा रंग दिसत होता, ताजा, काल रंधा मारल्यासारखा. जुनं दुखणं असं दिसत नाही. तिने वर पाहिलं. दाराच्या बरोबर वर माळ्याची तुळई भिंतीत शिरत होती, आणि तिथेच ती पाचवी, किरकोळ फुली. कोनाड्यात पाय देऊन ती वर चढली. चिरेच्या कडा धारदार होत्या, आत्ता मोडलेल्या भाकरीसारख्या. आत ना काजळी, ना पोचारा, ना कोळ्याचं जाळं. भीती परत आली, आणि ही सकाळच्या भीतीहून वेगळी होती. ती ऐकलेली होती, ही तिची स्वतःची. बाकीचं सगळं घर सांगत होतं की आम्ही असेच आहोत, आणि हा एक कोपरा सांगत होता की मला काहीतरी होतंय, आणि ते या सालीच होतंय.

चिरेत काहीतरी पांढरं होतं. तिने चिमटीत धरून ओढलं तर ते लांबलं. बोटांत पिळलं तर त्याचा धागा झाला. वऱ्हाडातल्या बाईला ते काय आहे हे डोळे मिटूनही कळलं असतं. तिने वर, माळ्याच्या फळ्यांकडे पाहिलं. फळ्यांच्या फटीफटीतून असेच तंतू लोंबत होते, आणि इतक्या वेळा या घरात येऊन आपल्याला ते दिसले नव्हते. दिसले असतील, पण कापूस त्या साली कुठे नव्हता? लोकांच्या मिशांत होता, देवळाच्या गाभाऱ्यात होता, वरणात होता.

माळ्याच्या दाराला कुलूप होतं. वर जुनी अडगळ आहे, असं भगवंतराव म्हणाले होते. तिने शिडी लावली, वर जाऊन दाराच्या फटीला नाक लावलं, आणि सरकीचा तेलकट वास आणि धूळ एकदम नाकात गेली. ती शिंकली, तीनदा. दाराखालून हात घातला तर बोटं मऊ, ठासून भरलेल्या बोऱ्यात रुतली. माळा आढ्यापर्यंत भरला होता. कापूस हलका म्हणतात. चिमूटभर असतो तेव्हा असेलही. कांद्यालसणासाठी केलेल्या माळ्यावर भगवंतरावांनी दोन मोसमांचा कापूस कोंबून ठेवला होता, आणि ऐंशी वर्षांची ती तुळई गपगुमान पाठ वाकवून उभी होती. जमुनाला तिची दया आली. ही बाईच आहे, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल लाजही वाटली नाही.

सहदेव परत आला तेव्हा ती उंबऱ्यावर बसली होती, केसांत धूळ, गालावर माती. तिने त्याचा हात धरून त्याला पाचही फुल्यांपुढे उभं केलं, कुंभारणीची घरं दाखवली, किल्लीचा ओळंबा दाखवला. तो बघत होता, मान डोलावत होता, पण पटत नव्हतं.

"पन नत्थुजी म्हनते—"

"नत्थुजीनं पाचही फुल्या बरोबर जाग्यावर मारल्या," ती म्हणाली. "फकत मोठ्या त्या लहान पायजे होत्या, अन् लहान त्या मोठ्या."

"अन् तुह्यं चुकलं तं?"

चुकलं तर दोघं मरणार, किंवा जगून पार्वताबाईंच्या पडवीत जन्मभर हा किस्सा ऐकणार. दोन्हींतलं काय वाईट हे तिला ठरवता येईना. "चुकलं तं मी चुकली," ती म्हणाली. "आजपावतो चुकाले जागा तं कोठी होती मले?" सहदेवने पागोट्याच्या टोकाने तिच्या गालावरची माती पुसली.

भगवंतराव आले ते नव्या जोड्यांचा करकर आवाज करत. गोऱ्या साहेबांच्या कँपाच्या बाजूला त्यांनी नवं दगडी घर बांधलं होतं आणि आता चालतानाही ते त्या घरातच चालल्यासारखे चालत. फुल्या पाहून त्यांची मुद्रा गंभीर झाली, म्हणजे त्यांनी ती केली.

"मिस्त्रीनं काय सांगतलं?"

"घर पडन म्हने," जमुना म्हणाली.

"बरं मंग. मी कोनाले जबरी करत नाई. गुमास्ता वाट पाहून राहिला."

"आमाले घर पायजे. पन अदुगर कापूस खाली काढा."

"कोनता कापूस?"

तिने मूठ उघडली. तळहातावर तो पांढरा तंतू होता. भगवंतरावांनी एकदा तिच्या हाताकडे पाहिलं, एकदा वर, आणि मग दाराकडे जाऊन गल्लीत कुणी आहे का ते पाहिलं. "हयू बोल, बाई," ते म्हणाले, जरी ती हळूच बोलत होती. सारा कापूस विकला, असं त्यांनी भावांना सांगून वाटण्या केल्या होत्या. भाव आणखी चढेल म्हणून हा माल मागे ठेवला होता, आणि ठेवला कुठे, तर आज्याच्या घरात. वाटण्यांची गोष्ट गल्लीला ठाऊक होतीच, उरलेलं सगळं जमुनाला त्यांच्या कपाळावरच्या घामात वाचता आलं. सतरा वर्षं पडद्याआड राहिलेल्या बाईला दुसऱ्याची लपवाछपवी चटकन कळते.

"तुमच्या घरातल्या भानगडीशी मले काई घेनं नाई, भगवंतराव," ती म्हणाली. "मी कोनाले सांगाले जानार नाई. पन तो कापूस या तुयईवर ऱ्हायला तं घर बी जाईन अन् तुमचा कापूस बी जाईन. नाई तं गुमास्त्यालेच इका. फकत त्याले माया दाखवा."

गुमास्ता कापसातलाच माणूस होता. त्याला माळा दाखवणं म्हणजे दवंडी पिटणं होतं. शिडी न चढताच, खालूनच, भगवंतरावांनी तुळईकडे नीट पाहिलं, बहुधा कित्येक वर्षांत पहिल्यांदा, आणि त्यांचा चेहरा बदलला. "मेयघाटातून आनली होती आजानं," ते वेगळ्याच आवाजात म्हणाले. "आठ बैल लागले होते. वाकली काय हो?"

"वाकली," जमुना म्हणाली. "मोडली नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाड्या लागल्या. वर कडब्याच्या पेंढ्या टाकून बोरे बाहेर पडू लागले. त्याआधी जमुनाने समोरासमोरच्या भिंतींत दोन खिळे ठोकून दोरी ताणून बांधली होती, तुळईच्या पोटाला नेमकी टेकेल अशी. सहदेवने विचारलं, कशाला? ती म्हणाली, ओळंबा नत्थुजीचा, दोरी माझी. पहिला दिवस गेला. निम्मा माळा रिकामा झाला आणि दोरी तुळईला तशीच चिकटलेली. दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली नाही. दारात उभी राहून बोरे मोजत होती आणि मनात म्हणत होती, ऊठ गं बाई, ऊठ, तुझ्या पाठीवरचं उतरलंय, आता तरी ऊठ. शेवटचा बोरा बाहेर गेला. काहीच झालं नाही. गाडीवान पाणी पिऊन गेले. तिला कळेना, आपण एवढा तोरा केला तो कशाच्या जोरावर? माशीच्या तीन घरांच्या?

दुपार कलली तेव्हा वरून आवाज आला. करकर नव्हे, तडकणंही नव्हे. माणूस आळस देतो तेव्हा हाडांचा येतो तसा. थोडी माती झरली. जमुना धावली, तुळईला मधोमध शिडी लावून वर चढली, आणि दोरी आणि तुळई यांच्यात बोट घातलं. बोट गेलं. तिने ते मागेपुढे सरकवून पाहिलं, करंगळी नव्हे, मधलं बोट, अख्खं. खाली उतरून तिने दार लोटलं. ते न घासता भिंतीपर्यंत गेलं आणि भिंतीवर आपटलं, आणि तो आवाज तिला इतका आवडला की तिने ते ओढून पुन्हा लोटलं. सहदेवला हसू आवरेना. "मिस्त्रीन बाई," तो म्हणाला, आणि त्याने खरोखरच तिच्यापुढे मान झुकवली. जमुनाला रडू आलं, मोठ्याने, नाक ओढून, आणि तिने ते येऊ दिलं.

तरी तिने खबरदारी सोडली नाही. नत्थुजीला पुन्हा निरोप गेला, तुळईखाली दगडाच्या जोत्यावर एक खांब बसवून दे म्हणून. तो कुरबुरतच आला, आणि जमुनाने त्याला आधी पश्चिमेच्या भेगेशी बसवलं.

"हात घाला," ती म्हणाली.

त्याने घातला. बराच वेळ काढला नाही. त्याच्या चेहऱ्यावर एक विचित्र, लहान मुलासारखा भाव आला. "माह्यी माय बी असाच पोचारा भरे," तो शेवटी म्हणाला. "मी मातीतलाच गवंडी, बाई. दोन साल दगड फोडून राहिलो, अन् मातीले पार इसरलो."

"नाचता येईना अंगन वाकडं!" जमुना म्हणाली. "तुमी माती इसरले, अन् माह्यी भित वाकडी?"

नत्थुजी खदखदून हसला. मग त्याने जोतं असं बसवलं की त्यावर पाण्याची वाटी ठेवली तर पाणी हललं नसतं. त्याचा दगडातला हात खरंच चांगला होता, आणि जमुनाने ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं.

अक्षय्य तृतीयेला ती दोघं राहायला आली. सामान दोन खेपांत आलं. एवढंच आहे का आपलं, असं सहदेव म्हणाला. चूल पेटली, जेवण झालं. बाहेर ऊन रणरणत होतं, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. जमुनाने भांडी तशीच ठेवली. घराच्या बरोबर मधोमध, तुळईच्या पोटाखाली, तिने घोंगडी अंथरली.

"तिथं नोको वं," सहदेव म्हणाला. "चार दिस होऊ दे. कडेले झोप."

"काहून?" ती म्हणाली आणि आडवी झाली. हातपाय पसरले, जेवढे पसरतील तेवढे. तुळई वर होती, काळी, रुंद, आपल्या जागेवर. तिच्याकडे बघता बघता जमुनाचे डोळे मिटले. सहदेव भिंतीला टेकून बसला आणि थोडा वेळ तुळईवर डोळा ठेवून राहिला. भर दुपारी, दार सताड उघडं टाकून, जमुना खुशाल घोरू लागली. त्याने आणखी एकदा वर पाहिलं, मग पागोटं उशाला घेतलं आणि तिच्या शेजारी लवंडला.